कावळ्याने वाढवलेलं कोकिळेचं पिल्लू 'कुहू' कुठून शिकतं? आणि आमच्या मांजरीला शिकार कोणी शिकवली?

ठाणेकर_मृ

नमस्कार मंडळी, पक्षी-प्राणी कळणारे इथे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. आम्ही वर्तकनगरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, किचनच्या खिडकीसमोरच आंब्याचं झाड आहे आणि त्यावर दरवर्षी कावळ्याचं घरटं असतं. यंदा त्या घरट्यातून जे पिल्लू बाहेर आलंय ते कावळ्याचं नाहीच, शेपूट लांब, अंगावर फिकट ठिपके, फांदीवर बसून पंख थरथरवत सारखं ओरडतं आणि कावळा येऊन बिचारा भरवून जातो. शेजारच्या काकांनी सांगितलं कोकिळेचं आहे. माझा मुलगा सहावीत आहे, त्याने लगेच विचारलं, आई याचे खरे आईबाबा तर भेटलेच नाहीत, हा ऐकणार काव काव, मग मोठा झाल्यावर कुहू कुहू कोण शिकवणार? मला उत्तर देता आलं नाही.

त्यात भर म्हणजे आमची मनी. पार्किंगमध्ये एकटीच सापडली होती, डोळेही नीट उघडले नव्हते, ड्रॉपरने दूध पाजून वाढवलीय. आता चार महिन्यांची होईल. तिने दुसरं मांजर जवळून पाहिलेलंच नाही, तरी भिंतीवर पाल दिसली की पोट जमिनीला लावते, मागची बाजू हलवते आणि झेप घेते. पण परवा खरंच पाल हाताला लागली तर पंजाने नुसती इकडून तिकडे ढकलत बसली, पुढे काय करायचं तिला माहीतच नव्हतं. म्हणजे अर्धं येतं आणि अर्धं येत नाही, असं कसं?

घरात यावरून रोज वाद. सासूबाई म्हणतात खाण तशी माती, रक्तातच असतं सगळं. नवरा म्हणतो ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. खरं कोणाचं? आणि साधारण किती टक्के जन्मजात आणि किती टक्के शिकलेलं असं काही सांगता येतं का?

खारघरचा_पक्षीवाला

मृ ताई, मुलाचा प्रश्न एक नंबर आहे, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. उत्तर असं की कोकिळेला कुहू शिकावं लागतच नाही. आवाज ऐकून, नक्कल करून, सराव करून गाणं शिकणारे पक्ष्यांचे गट मोजके आहेत, एक म्हणजे गाणारे पक्षी ज्यात बुलबुल, दयाळ, चिमणी वगैरे येतात, दुसरे पोपट आणि तिसरे हमिंगबर्ड. कोकीळ यातल्या कुठल्याच गटात नाही. तिच्या कुळातल्या पक्ष्यांचा आवाज उपजत येतो, कोणी ऐकवला नाही तरी. आणि गंमत बघा, कावळा मात्र गाणाऱ्या पक्ष्यांच्याच गटात मोडतो, म्हणजे तुमच्या झाडावर जो शिकू शकतो तो सांभाळतोय आणि ज्याला शिकायची गरज नाही तो त्याच्या जिवावर वाढतोय. विचार केला तर कोकिळेसाठी हे असंच असायला हवं होतं, कारण दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालणाऱ्या पक्ष्याची पिल्लं पालकांची भाषा शिकायला लागली तर पुढच्या विणीच्या हंगामात जोडीदारच मिळणार नाही, वंश तिथेच संपला.

पण याचा अर्थ गाणारे पक्षी कोरी पाटी घेऊन येतात असा काढू नका, आणि मला वाटतं सगळ्यात भारी भाग तोच आहे. पीटर मार्लर नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत पांढऱ्या डोक्याच्या एका चिमणीसारख्या पक्ष्यावर बरीच वर्षं काम केलं. पिल्लू एकटं वाढवलं, कोणाचंच गाणं ऐकवलं नाही, तर मोठेपणी ते काहीतरी वेडंवाकडं गातं. लहानपणी, साधारण दहाव्या ते पन्नासाव्या दिवसाच्या दरम्यान, टेपवर आपल्या जातीचं गाणं ऐकवलं तर मोठेपणी व्यवस्थित गातं. आणि दोन जातींची गाणी एकत्र ऐकवली तर? फक्त आपल्याच जातीचं उचलतं, दुसरं कानावर पडूनही सोडून देतं. म्हणजे शिकतं हे खरं, पण काय शिकायचं आणि कुठल्या वयात शिकायचं याची खूणगाठ जन्मतःच बांधलेली. पुढे मासाकाझू कोनिशी या दुसऱ्या शास्त्रज्ञाने दाखवलं की गाणं लहानपणी ऐकलेलं असलं तरी गायला लागायच्या आधी पक्षी बहिरा केला तर त्याला ते नीट जमत नाही, कारण आठवणीतल्या गाण्याशी स्वतःचा आवाज ताडून बघावा लागतो.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पहाटे गेलात तर पल्लवपुच्छ कोतवाल ऐका, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला चमचे असलेला काळा पक्षी. हा इतर पक्ष्यांचे आवाज इतके हुबेहूब काढतो की मी किती वेळा शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) समजून दुर्बीण लावलीय आणि फांदीवर हे साहेब. त्याचा आवाज काढायचा सांगाडा जन्माचा, पण आत भरलेला माल त्या त्या जंगलातून गोळा केलेला.

घोडबंदर_९५

पण एक शंका. बदकाचं पिल्लू अंड्यातून आल्यावर जे पहिलं हलताना दिसेल त्याला आई समजतं असं शाळेत शिकलोय. मग कोकिळेचं पिल्लू स्वतःला कावळा का नाही समजत? आवाज ठीक आहे, पण जोडीदार कसा ओळखणार?

खारघरचा_पक्षीवाला

चांगला मुद्दा काढलात. कोनराड लोरेंझ या शास्त्रज्ञाने हंसांच्या पिल्लांवर याचाच प्रसिद्ध प्रयोग केला, पिल्लं त्याच्या मागे मागे फिरायची, १९७३ चं नोबेल टिनबर्गेन आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर त्याला मिळालं. आई कोण याचा हा ठसा ठरावीक काळातच उमटतो. दुसऱ्यांच्या घरट्यात वाढणाऱ्या पक्ष्यांना मात्र हीच पद्धत जशीच्या तशी लागू झाली तर घात होईल. अमेरिकेत काउबर्ड म्हणून असाच परजीवी पक्षी आहे, त्याच्यावर मार्क हॉबर आणि सहकाऱ्यांनी काम केलंय. त्याच्या पिल्लांना आपल्या जातीचा एक विशिष्ट कडकडाटासारखा आवाज न शिकवता ओळखता येतो, पासवर्डसारखा, आणि तो आवाज जिथून येतो त्या पक्ष्यांकडे ती जातात आणि मग पुढचं त्यांच्याकडून शिकतात. बघा ना, शिकणं आहेच, फक्त गुरू कोण हे आधी ठरलेलं आहे.

आणि हो, सुगरण राहिली. पावसाळ्यात खारघरच्या टेकड्यांकडे अजूनही घरटी दिसतात, आधी होती त्यापेक्षा कमी पण दिसतात. सलीम अलींनी अलिबागजवळ किहीमला याच पक्ष्याचा अभ्यास केला होता, एक नर एकामागून एक घरटी विणत वेगवेगळ्या माद्यांना कसा बोलावतो हे त्यांनी तिथेच टिपलं. गवताची पाती चिरून काढायची, गाठ मारायची, ही खोड उपजत आहे, पण नवख्या नराचं घरटं बघा, ढिलं, वेडंवाकडं, पाती लोंबतायत, मादी येते बघते आणि निघून जाते. एकदोन हंगाम हात बसल्यावर तोच नर घट्ट वीण घालतो. एका झाडावर नवखा आणि मुरलेला दोघांची घरटी शेजारी शेजारी दिसली तर फोटो काढून मुलाला दाखवा, अख्खं उत्तर त्यात आहे.

झूलॉजी_मॅडम_ठाणे

पक्ष्यांचं छान झालंय, मी मनीबद्दल लिहिते. पंचवीस वर्षं कॉलेजला प्राणीशास्त्र शिकवलंय आणि घरात मांजरं कायम असतात, त्यामुळे थोडं लांबेल.

मृ, तू जे पाहिलंस ते फार नेमकं पाहिलंस. दबा धरणं, मागचा भाग हलवणं, झेप, पंजा मारणं हे सगळे सुटे सुटे तुकडे मांजराच्या पिल्लात आपोआप येतात, म्हणून तर दोन महिन्यांचं पिल्लू लोकरीच्या गुंड्यावर तेच करतं. पण तुकडे जोडून खरी शिकार पूर्ण करणं, मान धरून चावणं आणि मग ते खाण्याची वस्तू आहे हे कळणं, याला अनुभव लागतो. मांजरी पिल्लांना आधी मेलेला उंदीर आणून देते, नंतर अर्धमेला, मग जिवंत, आणि बाजूला बसून बघत राहते, निसटला तर पकडून परत समोर टाकते. मनीला ही शाळाच मिळाली नाही.

यावर एक जुना पण अजून शिकवण्यासारखा प्रयोग आहे, झिंग-यांग कुओ यांचा, १९३० सालचा. त्यांनी मांजराची पिल्लं तीन प्रकारे वाढवली. उंदीर मारणाऱ्या आईबरोबर वाढलेल्या २१ पैकी १८ पिल्लांनी पुढे उंदीर मारले. एकटी वाढवलेल्या २० पैकी ९ जणांनी मारले, म्हणजे कोणी न शिकवताही निम्म्याच्या जवळपास मारतातच, हे सासूबाईंना सांग. आणि उंदरांच्याच संगतीत लहानाची मोठी झालेल्या १८ पैकी फक्त ३ जणांनी मारले, हे नवऱ्याला सांग. दोघांनाही आपापला पुरावा एकाच प्रयोगात मिळेल.

व्हाशी_सेक्टर१७

मॅडम मग टक्केवारीत सांगा ना, ५०-५० धरायचं का? मी कुठेतरी वाचलं होतं की स्वभाव ४० टक्के आनुवंशिक असतो म्हणून.

झूलॉजी_मॅडम_ठाणे

नाही, आणि इथे जरा थांबून समजून घ्या कारण पेपरात हेच सगळ्यात जास्त चुकीचं छापलं जातं. डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाला असंच विचारलं होतं तर त्याने उलट विचारलं की आयताचं क्षेत्रफळ लांबीमुळे जास्त की रुंदीमुळे? तुमच्या फ्लॅटच्या हॉलचा कार्पेट एरिया घ्या, त्यातला किती लांबीने दिला आणि किती रुंदीने, सांगा बघू. एका प्राण्याच्या एका वागण्यात जीन आणि अनुभव असे वाटे करताच येत नाहीत. टक्केवारी येते ती वेगळ्या गोष्टीची, एका ठरावीक गटातल्या प्राण्यांमध्ये एकमेकांत जो फरक दिसतो त्यातला किती फरक जीनमधल्या फरकामुळे आहे याची. गट बदलला किंवा परिस्थिती बदलली की आकडा बदलतो.

उदाहरण देते. भूलभुलैयात वाट पटकन शोधणारे आणि सारखे चुकणारे असे उंदीर वेगवेगळे काढून, हुशारांची हुशारांशी, ढ असलेल्यांची ढ असलेल्यांशी पैदास करत गेले की काही पिढ्यांत दोन वेगळे वंश तयार होतात. म्हणजे गुण रक्तात उतरला, बरोबर? १९५८ मध्ये कूपर आणि झुबेक यांनी अशाच दोन वंशांची पिल्लं घेतली. साध्या पिंजऱ्यात वाढवली तर फरक भरपूर. खेळणी, बोगदे, चढउतार असलेल्या पिंजऱ्यात वाढवली तर ढ वंशाचे उंदीर हुशारांच्या जवळपास जाऊन पोचले. आणि एकदम रिकाम्या, ओक्याबोक्या पिंजऱ्यात वाढवली तर हुशार वंशाचेही तितकेच चुकायला लागले. तेच जीन, पण तीन पिंजऱ्यांत तीन उत्तरं. आता यात कुठला टक्का धरणार? मी वर्गात हा प्रयोग सांगते तेव्हा मुलं गप्प होतात कारण प्रत्येकाच्या डोक्यात आपलं घर, आपली शाळा येते, आणि मला तो तास फार आवडतो.

कोपरखैरणे_कर

उंदरांचा विषय निघालाच आहे तर माझाही अनुभव. आमच्या बिल्डिंगच्या मागे गटाराच्या बाजूला उंदरांनी उच्छाद मांडलाय, सोसायटीने औषधाच्या वड्या ठेवल्या, पहिल्या दिवशी थोड्या कुरतडल्या आणि नंतर हात नाही लावला, वड्या तशाच पडून. पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला उंदीर शहाणे झाले, असं खरंच होतं का एवढ्या लवकर?

झूलॉजी_मॅडम_ठाणे

अगदी खरं आहे आणि आपल्या विषयालाच धरून आहे. उंदीर नवीन वस्तूला आधी बिचकतोच, हे उपजत. नवीन खाणं असेल तर आधी चिमूटभर खातो. मग पोटात बिघडलं तर ती चव पुन्हा कधी तोंडात घेत नाही, एकाच वेळेत शिकतो, आणि मधे काही तास गेले असले तरी शिकतो. जॉन गार्सिया आणि कोलिंग यांनी १९६६ मध्ये हे फार सुंदर दाखवलं. उंदरांना गोड पाणी दिलं आणि त्याच वेळी दिवा लागायचा नि टिकटिक आवाज व्हायचा. ज्यांना नंतर मळमळ होईल असं केलं त्यांनी चव टाळली, दिवा आणि आवाजाचं त्यांना काहीच वाटलं नाही. ज्यांना पायाला विजेचा झटका दिला त्यांनी दिवा-आवाज टाळला, गोड पाणी मात्र खुशाल प्यायले. म्हणजे पोट बिघडलं की दोष चवीचा आणि पायाला झटका बसला की दोष दिसण्या-ऐकण्याचा, ही जोडणी उंदराच्या मेंदूत आधीपासून सोपी करून ठेवलेली आहे. त्याआधी बरेच शास्त्रज्ञ मानत होते की कुठलाही प्राणी कुठलीही गोष्ट कुठल्याही गोष्टीशी जोडून सारख्याच सहजतेने शिकू शकतो. ते या प्रयोगाने मोडलं.

रक्त न गोठू देणारी औषधं म्हणूनच चालतात, त्यांचा परिणाम काही दिवसांनी होतो त्यामुळे उंदराला वडीचा संबंध लागत नाही. पण ते खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर त्यांनाही बाधतं, तेव्हा आधी कचरा झाका आणि भोकं बुजवा, औषध शेवटी.

नेरूळ_फॉस्टर

मी कुत्र्यांबद्दल लिहिते, कारण 'रक्त' हा शब्द मला रोज ऐकावा लागतो. मी रस्त्यावरची पिल्लं तात्पुरती घरी ठेवते आणि घर शोधून देते. लोक येतात, पिल्लू आवडतं, मग घरातलं कोणीतरी मोठं माणूस म्हणतं रस्त्याचं रक्त आहे, चावरं निघणार, ब्रीडवालंच घेऊया. आणि महिन्याभरात नेरूळच्या उकाड्यात थंड प्रदेशातला हस्की कुत्रा घेऊन फिरताना दिसतात, तो जीव तोंड उघडून धापा टाकत असतो, बघवत नाही हो.

२०२२ मध्ये 'सायन्स' मध्ये एक मोठा अभ्यास आला, अमेरिकेतल्या १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावली भरली, त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांचा डीएनए तपासला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं असतं त्यातला जेमतेम ९ टक्के फरक ब्रीडने समजावता आला. वर मॅडम म्हणाल्या तसाच आकडा आहे हा, गटातल्या फरकाचा. याचा अर्थ जीनना काही किंमत नाही असा नाही, बऱ्याच सवयी आनुवंशिक निघाल्या, पण ब्रीडचं नाव वाचून समोरच्या एका कुत्र्याचा स्वभाव सांगता येत नाही.

उलट बाजूही सांगते म्हणजे एकतर्फी नको. लॅब्रॅडॉर कायम भुकेला का असतो? २०१६ मध्ये केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन यांच्या टीमला साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गळालेला सापडला, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. असा कुत्रा ताटाकडे बघत बसतो तेव्हा त्याला 'हावरट, वळण नाही' म्हणून ओरडू नका, त्याला खरंच भूक लागलेली असते. पण वाटी भरणारे तुम्ही आहात, त्यामुळे वजन तुमच्या हातात.

आणि चावरेपणाचं म्हणाल तर माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ती भीती असते. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघेल, ज्यांच्या हातून खाईल, ते त्याला आपलं वाटतं. १९६१ चा एक प्रयोग आहे, पिल्लं चौदा आठवडे माणसाचा स्पर्श न होता मोठ्या बंदिस्त मैदानात वाढवली, ती पुढे रानटीच राहिली, जवळ येईनात. तेव्हा ज्या गल्लीत मुलं पिल्लांना दगड मारतात तिथलं कुत्रं मोठेपणी मुलांवर भुंकलं तर त्याच्या रक्ताला दोष देऊ नका, गल्ली बघा. सोसायटीच्या मीटिंगला हे बोलून बघा एकदा, मी दोन ठिकाणी बोललेय आणि दोन्ही ठिकाणी वॉचमनने सगळ्यात आधी मान हलवली.

ठाणेकर_मृ

बापरे किती छान सांगितलंत सगळ्यांनी, घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंना कुओंचा प्रयोग फार आवडला, त्या म्हणतात ९ जणांना कोणी शिकवलं ते आधी सांग. मॅडम एक विचारायचं होतं, मनी आमच्याकडे एकदम मोकळी आहे पण बेल वाजली की कपाटामागे. हे बदलेल का? आणि मुलाचा नवा प्रश्न, ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंना रस्ता कोण सांगतं?

झूलॉजी_मॅडम_ठाणे

मांजरांची ओळख-पाळख होण्याची खिडकी कुत्र्यांपेक्षा लवकर बंद होते, दोन ते सात आठवडे. त्या काळात मनीने तुम्हीच चार माणसं पाहिली. शिवाय बापाचाही हात असतो, सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ मध्ये दाखवलं की धीट बोक्याची पिल्लं बापाला कधी न भेटताही जास्त धीट निघतात, आणि मनीचा बाप कोण हे तर आपल्याला कळणार नाही. बदल होईल पण हळूहळू. पाहुण्यांना सांग तिच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, जमिनीवर बसा आणि जवळ काहीतरी आवडीचं ठेवा. कपाटामागून ओढून अजिबात काढायची नाही. आणि खेळताना हात देऊ नका, काठीला पिसं बांधा आणि शेवटी तिला ती पकडू द्या.

खारघरचा_पक्षीवाला

फ्लेमिंगोंचं. बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ठाणे खाडीतल्या काही फ्लेमिंगोंना जीपीएसचे ट्रान्समीटर लावलेत, त्यातून गुजरातपर्यंतची ये-जा कळतेय. वाट जन्मजात की शिकलेली यावर सगळ्यात सुंदर प्रयोग मात्र साळुंकीच्या युरोपातल्या भावंडावर झालाय, स्टारलिंगवर. पर्डेक नावाच्या डच शास्त्रज्ञाने स्थलांतराच्या वेळी हॉलंडमध्ये हजारो स्टारलिंग पकडले, विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले, १९५८ ला निष्कर्ष छापले. पहिल्यांदाच निघालेली तरुण पाखरं ठरलेल्या दिशेलाच उडत राहिली आणि भलतीकडे, दक्षिण फ्रान्स आणि स्पेनला पोचली. आधी एकदा जाऊन आलेल्या पक्ष्यांनी मात्र दिशा बदलली आणि नेहमीच्या मुक्कामाच्या बाजूला वळले. दिशा जन्माची, ठिकाण अनुभवाचं. मुलाला नकाशा काढून दाखवा, स्वित्झर्लंडपासून दोन बाण. आणि खाडीवर जायचं असेल तर फेब्रुवारी ते मे मधे भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून जा, पाणी ओसरल्यावर चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी चरायला पसरलेले दिसतात. जवळ जाऊन उडवायचे नाहीत, एवढं मात्र त्याला आधीच सांगा.